मोठ्या काडतुसाचा भ्रम

पेडण्यात तोरसे-हणखण्याकडे किंवा डिचोलीत मये-साखळीच्या बाजूला बंदूक ही शोभेची वस्तू नव्हे. काजूची बाग नि कुळागर राखायला ती घरात असते. रानडुकरं, माकडं पिटाळायची, आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायची. त्यामुळे इथल्या माणसाला काडतूस म्हटलं की बाराबोरच आठवतं, जाडजूड, खांद्याला दणका देणारं. मग घरातल्या कुणा पोराला लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा नाद लागला आणि आपल्या मापाची रायफल बांधून घ्यायची भाषा सुरू झाली, की पहिला सल्ला ठरलेला: घ्यायचंच तर मोठं काडतूस घे, लांब जायला जोर लागतो.

हा सल्ला चुकीचा आहे. बाराबोरची नळी साडेअठरा मिलिमीटरची आणि आतून गुळगुळीत असते. चाळीसेक मीटरपलीकडे तिचे छर्रे इतके पांगतात की एका ठिपक्यावर नेम धरण्यात अर्थच उरत नाही. रायफलचा हिशेब वेगळा. नळीच्या आतले आटे गोळीला फिरकी देतात आणि त्या फिरकीमुळे ती नाक पुढे ठेवून जाते. आंतरराष्ट्रीय ३०० मीटर स्पर्धेत ८ मिलिमीटरपर्यंतचं कॅलिबर चालतं. तरीही तिथले कितीतरी नामवंत नेमबाज ‘६ बीआर’ हे ६ मिलिमीटरचं बुटकं काडतूस वापरतात. त्यात दारू असते साधारण ३० ग्रेन, म्हणजे दोन ग्रॅमच्या आसपास. दहा गुणांचं वर्तुळ असतं १०० मिलिमीटरचं आणि पालथं पडून गोळ्या झाडायच्या असतात साठ. गोळी नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफल मागे सरकू लागलेली असते. धक्का जितका मोठा, तितकी खांद्याची आणि गालाची बारीकशी चूकही मोठी होऊन कागदावर उमटते. शिवाय चाळिसाव्या गोळीनंतर माणूस चाप ओढायच्या आधीच अंग चोरायला लागतो. कागदाला भोक पाडायला जोर लागतो तो किती? रानडुक्कर नाही ते.

दुसरा गैरसमज वेगाचा: गोळी वेगवान असली की वारा तिला ढकलू शकत नाही. वाऱ्याने गोळी किती सरकते हे ती हवेत किती वेळ आहे यावर थेट ठरत नाही. हवेच्या विरोधाने तिला वाटेत किती उशीर झाला, यावर ते ठरतं. म्हणूनच .२२ लाँग रायफलचं अतिवेगवान काडतूस शंभर मीटरवर त्याच्या संथ भावंडापेक्षा वाऱ्यात जास्त वाहतं. ध्वनीच्या वेगाच्या वरून सुटलेली ती गोळी लगेच वेग गमावते. संथ गोळी मुळात त्या वेगाखालीच सुटते, तिला गमवायला फारसं काही नसतं. स्पर्धेचं .२२ संथ असतं, ते यासाठी.

मोठ्या अंतरावरही गोळीचा घाट वेगापेक्षा भाव खातो. .३०८ विंचेस्टरची १५५ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटरने सुटते आणि हजार यार्ड गाठायला तिला दीड सेकंद लागतो. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तेवढ्यात तिला सव्वादोन-अडीच मीटर बाजूला नेतो. ६.५ मिलिमीटरची १४० ग्रेनची लांब, निमुळती गोळी त्याहून कमी वेगाने सुटूनही दोन मीटरच्या आसपास थांबते. फरक अर्धा मीटरही नाही असं वाटेल. पण हजार यार्डांवर एक मिनिटाचा कोन म्हणजे साधारण २७ सेंटिमीटर, आणि सामने त्यातच जिंकले-हरले जातात.

मग ६.५ क्रीडमूर घेऊन टाकावं का? काडतूस नामांकित आहे. हॉर्नडी कंपनीने ते २००७ मध्ये आणलं आणि न्यूयॉर्कजवळच्या ज्या जुन्या क्रीडमूर रेंजवर १८७६ साली ‘पामा’ या लांब पल्ल्याच्या स्पर्धेचा पहिला सामना झाला, तिचं नाव त्याला दिलं. पण आधी स्पर्धा कुठली ते ठरवा. पामात .३०८ रूढ आहे आणि गोळीचं वजनही बांधलेलं असतं. ‘एफ-टीआर’ या लांब पल्ल्याच्याच, टेकूवरून खेळायच्या प्रकारात .२२३ किंवा .३०८, तिसरं चालत नाही. तिथे क्रीडमूर घेऊन गेलात तर प्रेक्षकांत बसावं लागेल. म्हणून क्रम असा असतो: स्पर्धा, मग गोळी, मग त्या गोळीला पुरेल असा आट्यांचा पीळ, आणि शेवटी काडतूस. ६.५ ची लांब गोळी स्थिर ठेवायला साधारण आठ इंचांत एक फेरा लागतो. पामाच्या १५५ ग्रेनला तेरा इंचांत एक फेरा पुरतो. पीळ चुकला तर काडतूस कितीही नावाजलेलं असो, गोळी डगमगते आणि कागदावर आडवं भोक पाडते.

नळी झिजते हेही पुष्कळांच्या गावी नसतं. बारीक भोकातून जास्त दारू जाळली की चेंबरच्या पुढचा भाग, जिथून आटे सुरू होतात तो, करपतो. .३०८ ची स्पर्धेची नळी ढोबळमानाने चार-पाच हजार गोळ्या टिकते, क्रीडमूरची दोन-तीन हजार आणि त्याच मापाच्या पण जास्त दारूच्या ६.५-२८४ ची हजाराच्या आसपासच. .२२ ची नळी पिढीजात म्हणावी इतकी टिकते. परदेशातून नळी मागवणाऱ्याने हा हिशेब रायफलच्या किमतीआधी करावा.

आता कायदा. इथे चूक झाली तर गुण जात नाहीत, परवाना जातो. ‘घरी बंदुकीचा परवाना आहे, त्यावरच रायफल चढवू’ असं सहज बोललं जातं. तसं होत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरेशी नसल्याची परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तरच आटे नसलेली दुसरी बंदूक मिळू शकते. आटे असलेली रायफल हा वेगळा मामला. त्यातही .३०३ आणि ७.६२ ही लष्करी मापं नागरिकाला निषिद्ध. .३०८ विंचेस्टर आणि ७.६२ बाय ५१ ही जवळजवळ जुळी भावंडं असल्याने जगभरच्या लेखांतलं ‘नवशिक्याने .३०८ घ्यावं’ हे वाक्य आपल्याकडे तसंच्या तसं लागू पडत नाही. इशापूरच्या कारखान्याने नागरिकांसाठी .३१५ ची रायफल बनवली तीही लष्करी काडतूस टाळण्यासाठीच. तिचं काडतूस पुण्याच्या खडकीतलं, बुडावर ‘केएफ’ कोरलेलं. शिकारीच्या जमान्यात ते ठीक होतं. हजार यार्डांच्या कागदासाठी तिच्या वाटेला जाऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. नेमबाजांना सवलती आहेत, पण त्या खेळातला दर्जा सिद्ध केल्यावर. आणि घरी बसून काडतुसं भरणं हा तिकडे छंद असेल, इथे परवान्याविना तो गुन्हा आहे. म्हणजे जे तयार मिळतं त्यावरच भागवायचं.

डिचोलीत आणखी एक कल्पना ऐकू येते: बंद पडलेली खाण आहे, तीन बाजूंनी भिंत, तिथेच सराव करू. मुळात नेमबाजी मंजूर रेंजवरच करायची असते. त्यात खाणीची भिंत म्हणजे मातीचा बांध नव्हे. खनिज आणि जांभा गोळीला गिळत नाहीत, परत फेकतात. पावसाळ्यानंतर तळाला साचलेलं पाणी तर कमी कोनातल्या गोळीला दगडासारखंच उडवतं. .२२ ला पोरांची रायफल समजणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की तिची गोळी दीड किलोमीटर जाऊ शकते. पेडण्याच्या सड्यावरून तेवढ्यात एखादा वाडा लागतोच. .३०८ ची तर चार किलोमीटरपुढेही जाते.

या सगळ्यातून पेडणे-डिचोलीच्या मुलाच्या हाती उरतं ते .२२ लाँग रायफल, आणि त्यात कमीपणा काही नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी शातोरूला ऑलिंपिक कांस्य जिंकलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, ४५१.४ गुणांनी. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या. दोन्ही स्पर्धा .२२ च्याच. तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. वारा वाचायला जो इथे शिकला नाही त्याला हजार यार्डांवर कुठलंच काडतूस तारणार नाही. पन्नास मीटरवर झाडाचं पान जेमतेम हलवणारी झुळूकही ही गोळी पाच-सहा मिलिमीटर सरकवते.

आणि काडतूस निवडायचं काम .२२ मध्येही संपत नाही. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं, एकाच किमतीचं काडतूस लॉट, म्हणजे कारखान्यातली तुकडी, बदलला की त्याच नळीतून वेगळं वागतं. म्हणून वरच्या दर्जाचे नेमबाज रायफल घेऊन एली किंवा लापुआ या काडतूस कंपन्यांच्या चाचणी रेंजवर जातात. रायफल पक्क्या पकडीत बसवून एकेका लॉटच्या गोळ्या झाडून बघतात आणि जो लॉट सगळ्यात घट्ट झुबका देईल त्याच्या हजारो गोळ्या एकदम उचलतात. आपल्याकडे तेवढी चैन नसेल, तर दोन-तीन लॉटची एकेक पेटी आणून रेंजवर टेकूवरून, वारा पडलेला असताना सकाळी झाडून पाहावी. कागदावर लॉट नंबर लिहून तो जपून ठेवावा. दुकानदाराकडे दुसऱ्या खेपेला तोच नंबर मागायचा, नुसतं नाव नाही.