एकाच कण्यात दोन दुखणी
लेखमाला : नसांची गोष्ट – भाग ७

मागच्या भागात मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, काय करतो ते पाहिलं. शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण खरवडते आणि निरोप वाटेत अडखळतात. आता पुढचा प्रश्न : एमएस असलेल्या माणसाची मणक्यातली गादीही सरकली तर?

हा योग वाटतो तितका दुर्मीळ नाही. जालना जिल्ह्यातल्या कुंभार पिंपळगावच्या शिवारात कापूस वाकून वेचतात, ऊस वाकून तोडतात आणि मोळी डोक्यावर उचलतात. कंबर धरली तर त्याला कुणी आजार म्हणत नाही. एमएस बहुधा विशी ते चाळिशीत, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, सुरू होतो. म्हणजे ऐन कामाच्या वयात. पाय ताठरून ओढत चालावं लागलं की कमरेवर तिरका ताण येतो आणि आधीची पाठदुखी वाढते.

शेतातल्या मोटारीला जाणारी केबल आठवा. तिचं आवरण सोललं तरी मोटार अडखळते आणि तिच्यावर दगड पडला तरी अडखळते. एमएस आवरण सोलतो, सरकलेली गादी दगडासारखी दाबते. परिणाम मात्र सारखेच दिसतात : मुंग्या, बधिरपणा, पायातली शक्ती जाणं. मग दोष कुठे आहे हे ओळखायचं कसं?

उत्तर कण्याच्या रचनेत आहे. मज्जारज्जू कमरेच्या तळापर्यंत जातच नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली फक्त नसांची मुळं उरतात. म्हणून कमरेतली गादी बहुधा एखादी नस दाबते. कळ कुल्ल्यातून एका पायात उतरते, खोकताना-शिंकताना चमक निघते, आणि डॉक्टरांनी हातोडीने ठोकलं तर त्या नसेचा झटका मंद येतो. एमएसमध्ये उलट घडतं. पाय ताठ होतात, हातोडीचे झटके जोरात येतात, तळव्यावर रेघ ओढली की अंगठा वर उचलला जातो.

गुंता होतो तो मानेत. तिथली गादी थेट मज्जारज्जू दाबू शकते आणि मग पाय अगदी एमएससारखेच ताठरतात. मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं होणं, ज्याला लेर्मिटची खूण म्हणतात, तेही दोन्हींत दिसतं. म्हणून पाय जड झाले की फक्त कमरेचा एमआरआय काढून थांबणं पुरेसं नाही. ‘मानेचा काढायला हवा का?’ हे विचाराच.

रिपोर्टमध्ये ‘बल्ज’ लिहिलेलं दिसलं की घर घाबरतं. पाठ अजिबात दुखत नसलेल्या 3,000हून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित अभ्यास 2015मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. विशीतल्या सुमारे 30 टक्के आणि चाळिशीतल्या सुमारे 50 टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. म्हणजे फुगलेली गादी दिसली म्हणून तीच गुन्हेगार ठरत नाही. चित्र, तपासणी आणि तक्रार या तिन्हींचा मेळ बसला तरच तिच्यावर बोट ठेवायचं.

खरा धोका वेगळाच आहे. एकदा एमएसचा शिक्का बसला की प्रत्येक नवी तक्रार त्याच्याच खात्यावर टाकली जाते. दबलेली नस एमएसचा झटका (म्हणजे आजार नव्याने उसळणं) समजली गेली तर नको असताना स्टेरॉइड दिलं जातं, आणि वारंवार घेतलेलं स्टेरॉइड हाडं ठिसूळ करतं. उलट एमएसचा खरा झटका ‘गादीच आहे’ म्हणून महिनाभर अंगावर काढला जातो. खूणगाठ अशी : एमएसचा झटका 24 तासांहून जास्त टिकतो. ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असेल तर जुनीच लक्षणं तात्पुरती वर येतात. आधी तो शोधायचा.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याचाही विचार हवा. अंग तापलं की एमएसची लक्षणं वाढतात, गार झालं की उतरतात. गादीची कळ उन्हावर नाही, बसण्या-वाकण्यावर हलते. त्यामुळे कंबर दुखते म्हणून गरम शेक घेताना जपा. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि भाजून फोड येतात. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खाण्याची रीत आपल्याकडे आहे. मानेत मज्जारज्जू दबलेला असेल तर असा हिसका, किंवा मान मोडून घेणं, कायमचं अधूपण देऊ शकतं.

दिलासाही आहे. सरकलेल्या गादीचं दुखणं बहुतेकांत सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना ओसरतं. खाटेवर पडून राहिल्याने मात्र एमएसच्या रुग्णाचे स्नायू आणखी दुबळे होतात. व्यायाम थांबवू नका. सकाळी गारव्यात, थोडा थोडा, मध्ये विसावा घेत करा.

तीन गोष्टी दिसल्या तर सकाळची वाट पाहू नका : मांड्यांच्या आतला आणि गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर होणं, लघवी तुंबणं, दोन्ही पायांतली शक्ती झपाट्याने जाणं. लघवीची घाई एमएसमध्ये नेहमीची असते. तुंबणं नवं असेल तर नसांचा झुबका दबलेला असू शकतो. 108ला फोन करा आणि एमएस असल्याचं आधीच सांगा.

एरवी जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जाताना जुन्या एमआरआयच्या सीडी सोबत न्या, नुसता कागद नको. आणि एका वहीत लिहून न्या : तक्रार कधी सुरू झाली, किती तास टिकली, एका पायात की दोन्ही, उन्हाने वाढते की वाकल्याने. न्यूरॉलॉजिस्टला निम्मं निदान या चार ओळींत मिळतं.

पुढच्या आठवड्यात : 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एमएसचा समावेश आहे. प्रमाणपत्र कसं काढायचं, ते पाहू.