वाढलेले वजन आणि कर्करोगाचा माग

गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा लठ्ठपणाशी जवळचा संबंध आहे. रजोनिवृत्तीनंतरही चरबीत इस्ट्रोजेन तयार होत राहते आणि ते अस्तराच्या पेशींना वाढायला लावते. निदान झाल्यावर महत्त्वाचा प्रश्न असतो तो आजार कुठवर पसरला आहे याचा. शस्त्रक्रिया पुरेल की किरणोपचार, केमोथेरपीही लागेल, हे त्यावर ठरते. नेमके इथेच वाढलेले वजन आडवे येते.

सर्वांत जास्त अडचण पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत येते. चरबीच्या जाड थरातून जाताना ध्वनिलहरी क्षीण होतात. खोलवर पोहोचण्यासाठी कमी वारंवारतेच्या लहरी वापराव्या लागतात, पण त्यांत बारकावे दिसत नाहीत. सीटी स्कॅनमध्येही प्रतिमा दाणेदार होते. मात्र पोटातल्या चरबीमुळे अवयवांच्या आणि लसिका ग्रंथींच्या कडा उठून दिसतात, हा फायदाच. एमआरआयमध्ये प्रश्न जागेचा असतो. अनेक यंत्रांचा बोगदा 60 सेंटीमीटर रुंद असतो, तर काही नव्या यंत्रांचा 70.

पेट-सीटीसाठी किरणोत्सारी ग्लुकोज शिरेतून देतात. अनेक कर्करोगांच्या पेशी ते जास्त शोषतात, म्हणून उजळ दिसतात. पण शरीरातून बाहेर येणारी निम्मी किरणे साधारण दर 7 सेंटीमीटरला वाटेतच अडतात किंवा विखुरतात. स्थूल शरीरात त्यामुळे चित्र धूसर होते आणि बारीक गाठ निसटू शकते. स्कॅनचा वेळ वाढवून ही उणीव बरीच भरून काढता येते.

लठ्ठपणासोबत अनेकदा मधुमेहही असतो. रक्तातली साखर वाढलेली असेल, तर गाठी फिक्या दिसतात. मेटफॉर्मिनमुळे आतडी उजळतात आणि शेजारची गाठ झाकली जाऊ शकते. म्हणून तपासणीची वेळ घेतानाच मधुमेहाची औषधे सांगावीत. मात्र गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःहून बंद करू नये.

अहवालात ‘प्रतिमेचा दर्जा मर्यादित’ असा शेरा असेल, तर ‘प्रसार आढळला नाही’ हे वाक्य जपून वाचावे. दुसरी तपासणी किंवा बायोप्सी लागेल का, हे डॉक्टरांना विचारावे. आणि संकोचापोटी वजन कमी सांगू नये. यंत्राच्या टेबलाला वजनाची मर्यादा असते आणि पेट-सीटीच्या औषधाची मात्राही वजनावरूनच ठरते.