चीट कोड आणि धान्याचा ढीग

"सर, गेममध्ये चीट वापरला तर गुनाह होतो का?" नायगावच्या आमच्या वर्गात आठवीच्या एका मुलाने विचारले. मुले हसली. आम्ही हसलो नाही.

एकट्याच्या खेळात चीट चालतो. 2002 साली आलेल्या 'जीटीए व्हाइस सिटी'मध्ये 'पॅन्झर' टाइप केले की रणगाडा येतो. ही सोय गेम बनवणाऱ्यांनीच ठेवली आहे, आणि तिथे कुणाचा हक्क मारला जात नाही.

समोर माणूस आला की हिशोब बदलतो. ऑक्टोबर 2018 मध्ये शांघायला 'काउंटर-स्ट्राइक'ची स्पर्धा होती. ऑप्टिक इंडिया संघातील एका खेळाडूच्या संगणकावर नेम साधून देणारे सॉफ्टवेअर सापडले. संशय येऊ नये असे फाइलचे नाव होते, 'वर्ड'! संघ बाद झाला, पुढे मोडलाच. त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली आणि उरलेल्या चौघांची मेहनतही बुडाली.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेले वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी विचारले. दोष भिजण्यात नव्हता, लपवण्यात होता. मोंढ्यावर सोयाबीन नेणाऱ्या घरातल्या मुलांना हे लगेच कळते.

म्हणून पालकांनो, मोबाइल हिसकावण्याआधी मुलाला एवढेच विचारा, "बेटा, समोरच्याला सांगून हा चीट वापरशील का?" निर्णय तो स्वतःच देईल.