डोक्याची जागा कुणाची?

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे, तो फेकायचा, समोरच्याला आडवे करायचे, असा तो धसमुसळा खेळ. त्यात क्वार्टरबॅक नावाची एक जागा असते. चेंडू कुणाकडे द्यायचा, डाव कसा टाकायचा, हे मैदानावर तो ठरवतो. काळ्यांनी धावावे, धडका घ्याव्यात. ही जागा मात्र डोक्याची, म्हणून गोऱ्यांची! अशी तिथली अलिखित वाटणी. ती मोडण्यासाठी एडी रॉबिन्सन या प्रशिक्षकाने उभी हयात घालवली.

१९१९ साली लुइझियाना राज्यातील जॅक्सन गावी त्यांचा जन्म झाला. बाप दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने राबणारा, आई परक्या घरची धुणीभांडी करणारी. पदवी घेऊनही पोराला पशुखाद्याच्या गिरणीत तासाला पंचवीस सेंटवर खपावे लागले. १९४१ मध्ये, बाविसाव्या वर्षी, ग्रॅम्बलिंगच्या कृष्णवर्णीय महाविद्यालयात प्रशिक्षकाची नोकरी लागली. नोकरी कसली, सगळा संसारच! मैदानाचे गवत कापायचे, रेघा आखायच्या, खेळाडूंचे घोटे बांधायचे, वर्तमानपत्रासाठी सामन्याची बातमीही आपणच लिहायची. दौऱ्यावर निघताना सँडविच बांधून घ्यायचे, कारण वाटेवरच्या गोऱ्यांच्या हॉटेलांत या पोरांना जेवण मिळत नसे. पहिल्या वर्षी आठपैकी पाच सामने हरले. १९४२ मध्ये मात्र नऊच्या नऊ जिंकले, आणि समोरच्या संघांना एकही गुण मिळू दिला नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली प्लेसी खटल्यात ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले होते. वकील म्हणून तो निकाल वाचताना ‘वेगळे’ चटकन सापडते. ‘समान’ कुठे होते, ते मैदानावर रेघा मारणाऱ्या या प्रशिक्षकाला विचारायला हवे होते.

१९४९ मध्ये त्यांचा टँक यंगर व्यावसायिक लीगमध्ये गेला. कृष्णवर्णीय महाविद्यालयातून तिथे पोहोचलेला तो पहिला खेळाडू. पुढे दोनशेहून अधिक गेले. तरी डोक्याची जागा बंदच होती. रॉबिन्सन यांनी जेम्स हॅरिसला तिच्यासाठीच घडवले. १९६९ मध्ये बफेलोच्या हंगामातील पहिल्याच सामन्यात तो क्वार्टरबॅक म्हणून उतरला. मग ३१ जानेवारी १९८८! डग विल्यम्सच्या वॉशिंग्टनने सुपर बोलमध्ये डेन्व्हरला ४२-१० असे लोळवले. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही विल्यम्सच. सुपर बोल जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

आणि खुद्द गुरूचे काय? दक्षिणेतल्या गोऱ्या विद्यापीठांनी १९७० च्या सुमारास काळ्या खेळाडूंना दारे उघडली, तशी ग्रॅम्बलिंगकडे येणारी गुणी पोरे तिकडे वळली. त्यांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, हे न्याय्यच होते. पण खेळाडू नेले, प्रशिक्षक कुणी नेला नाही. व्यावसायिक लीगचे मुख्य प्रशिक्षकपद रॉबिन्सन यांना कधीच मिळाले नाही. १९२० च्या दशकातील फ्रिट्झ पोलार्डनंतर त्या पदावर काळा माणूस, आर्ट शेल, बसायला १९८९ साल उजाडावे लागले. तोवर रॉबिन्सन सत्तर वर्षांचे झाले होते.

शेवटचे तीन हंगाम पराभवाचे गेले. १९९७ मध्ये त्यांनी मैदान सोडले तेव्हा हिशेब होता ४०८ विजय, १६५ पराभव, १५ बरोबरी. ३ एप्रिल २००७ रोजी ते गेले. त्यांच्यानंतर १९९८ मध्ये ग्रॅम्बलिंगच्या प्रशिक्षकपदी आला तो डग विल्यम्स.