हजेरीपटावरचे नाव, रकान्यातला नंबर

लोहारा तालुक्यातल्या एका गावी ठिबक सिंचनाच्या प्रशिक्षणाचा हजेरीपट मी चाळत होतो. नावे बहुतेक बायकांची. शेजारी बसलेल्या बाईंना त्यांच्या नावापुढचा मोबाइल नंबर दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, “तो मालकांचा हाय. निरोप त्यांनाच येतो. त्यांनी सांगितलं तर कळतं.” अहवालात या बाई ‘तंत्रज्ञान गटातील महिला सदस्य’ म्हणून जाणार, आणि ते खोटेही नाही. त्या हजर होत्याच.

आकडा खोटा नसतो. तो विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ग्रामीण स्त्रियांपैकी ४६.६ टक्के जणींकडे ‘स्वतः वापरत असलेला’ मोबाइल होता. यातला ‘स्वतः’ हा शब्द मोलाचा आहे. आमच्या हजेरीपटात तोच नव्हता. इंटरनेटबद्दलचा प्रश्न मात्र ‘कधी तरी वापरले आहे का’ असा होता. ग्रामीण स्त्रिया २४.६ टक्के, पुरुष ४८.७ टक्के. लेकाच्या फोनवर एकदाच यूट्यूब लावून पाहिलेली आई आणि रोज सोयाबीनचा भाव पाहणारी शेतकरीण, दोघी त्याच २४.६ मध्ये. म्हणजे रोजच्या वापरातली दरी किती, हे या आकड्यावरून सांगताच येत नाही. तरी भाषणांत तो सर्रास तसा वापरला जातो.

किश्श्याची गोष्ट उलटी. ड्रोन उडवणाऱ्या दीदीचा फोटो खराच असतो. पण २०२३ मध्ये मंजूर झालेली ती योजना १५,००० बचत गटांसाठी होती, आणि तेव्हा देशात असे गट सुमारे ८९ लाख होते. जवळपास सहाशे गटांमागे एक. बाई ड्रोन चालवू शकते, एवढे तो फोटो सिद्ध करतो. किती जणींना तो मिळाला, हे नाही.

म्हणून किस्सा टाकून द्यावा, असे मात्र नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेचा त्यात मोठा वाटा. भूकंपरोधक बांधकाम म्हणजे काय, हे त्या घरोघरी सांगत, चाललेल्या कामावर लक्ष ठेवत. त्या अभियंत्या नव्हत्या, गवंडीही नव्हत्या. अशा कामाला कुठल्याही तक्त्यात रकाना नसतो. ते आठवणींतूनच कळते. (माझ्यासारख्या पदवी नसलेल्या अभ्यासकाला हे जरा लवकर पटते, एवढेच.)

तर त्या हजेरीपटावर मी पेन्सिलीने एक रकाना वाढवला: ‘फोन कोणाच्या हातात असतो?’ बाईंनी तो वाचला आणि विचारले, “दिवसा का रातच्याला?”