मनुष्यबळ सॉफ्टवेअर, लेखांक ६ : महिन्यातून एकदा उघडणाऱ्यासाठी

मनुष्यबळ विभागाचे सॉफ्टवेअर दोन प्रकारची माणसे वापरतात. पहिला प्रकार कार्यालयातल्या लिपिकाचा. तो दिवसभर त्याच पडद्यासमोर असतो, त्यामुळे कितीही अवघड मांडणी त्याच्या हाताला सरावाने बसते. दुसरा प्रकार नोकरदाराचा. तो पगाराच्या दिवशी किंवा रजा हवी असेल तेव्हाच डोकावतो. छत्तीसगड शासनाचे कर्मचारी पगारपत्रकासाठी ‘ई-कोष’वर जातात, महाराष्ट्रात ‘सेवार्थ’ आणि शिक्षकांसाठी ‘शालार्थ’ आहे. रायपूरजवळच्या उरला आणि सिलतरा औद्योगिक क्षेत्रांत स्पंज आयर्नचे कारखाने व रोलिंग मिल आहेत. तिथल्या कामगाराला कंपनीच्या किंवा ठेकेदाराच्या ॲपवर भागवावे लागते. नवी सोय आखताना या दुसऱ्या माणसाचा विचार आधी व्हायला हवा. सॉफ्टवेअरची खरेदी त्याच्या हातात नसते, म्हणूनच तो बहुधा शेवटी आठवतो.

आखणीची सुरुवात पडद्याच्या चित्रापासून करू नये. टाइम ऑफिसच्या खिडकीवर महिनाभर काय काय विचारले जाते, ते विचारणाऱ्याच्याच शब्दांत टिपून ठेवावे. त्यात ‘या महिन्यात पैसे कमी का आले?’ हा प्रश्न हमखास असतो, आणि नेहमीचे पगारपत्रक नेमके त्याचेच उत्तर देत नाही.

भविष्यनिर्वाह निधीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये असतील, तर १२ टक्क्यांप्रमाणे १,८०० रुपये कापले जातात. मालकही तेवढेच भरतो. पण त्यातले १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि निधीत ५५० जमा होतात. पासबुकात मालकाच्या नावापुढे ५५० दिसले की कामगाराला वाटते, उरलेले मालकाने ठेवून घेतले. आकड्यावर बोट ठेवताच ही फोड चार ओळींत उघडली, तर संशयाला जागाच उरत नाही. त्याच पानावर सर्वांत वर फक्त मागच्या महिन्यापेक्षा बदललेल्या रकमा दाखवाव्यात : ‘१ दिवस बिनपगारी, १४ तारखेला सुटताना पंच नाही.’ आणि शेजारीच ‘मी हजर होतो’ असे बटण. कारण आणि दाद मागण्याची वाट एकाच ठिकाणी असणे, हा या आखणीचा गाभा आहे.

अर्थात राहिलेला पंच महिनाअखेर कळून फारसा उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी संदेश आला, तर पाळीचा सुपरवायझर लगेच साक्ष देऊ शकतो. ज्यांचे हात रोज लोखंड आणि कोळसा हाताळतात, त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात आणि अंगठ्याचे यंत्र त्यांना नाकारते. अशा ठिकाणी हजेरीचा दुसरा मार्ग पहिल्या दिवसापासून उपलब्ध असावा. तो सवलत म्हणून मागावा लागू नये.

रजेच्या सोयीत स्थानिक पंचांग ठाऊक असणे फार मोलाचे ठरते. छत्तीसगडमध्ये तीजा म्हणजे भाद्रपद शुद्ध तृतीया. पोळ्याच्या सुमारास भाऊ किंवा वडील न्यायला येतात आणि विवाहित लेकी माहेरी जातात. त्या आठवड्यात अर्जांची गर्दी होणार हे आधीच ठाऊक असते. मग पाळीत किती जणींना एकाच वेळी सोडता येईल हे अर्ज भरतानाच दिसायला काय हरकत आहे? नकार तीन दिवसांनी कळण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

नियम बदलतात, हेही आखणीतच धरावे. कारखाने अधिनियम, १९४८ प्रमाणे वार्षिक भरपगारी रजेसाठी वर्षात २४० दिवस काम लागत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली. आकडा प्रोग्रॅममध्ये कायमचा कोरला असेल, तर बदल करताना जुने हिशेबही बिघडतात. प्रत्येक नियमासोबत तो कधीपासून लागू, ही तारीख साठवली की जुनी रजा जुन्या नियमाने आणि नवी नव्या नियमाने मोजली जाते.

अनेक घरांत एक मोबाइल सगळे वापरतात. म्हणून पगाराची रक्कम पिन टाकल्याशिवाय दिसू नये, आणि एरवी ती झाकलेलीच असावी.

चाचणीला मोठा खर्च लागत नाही. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी थोड्या वापरकर्त्यांच्या, साधारण पाच जणांच्या, चाचण्या पुन्हा पुन्हा घेण्याचा आग्रह धरला, तो इथे अगदी लागू पडतो. पाळी सुटताना पाच कामगारांना कागदावर काढलेला पडदा दाखवावा, ‘पैसे किती कापले आणि का?’ एवढेच विचारावे, आणि पुढे गप्प बसावे. ते जिथे अडखळतील तिथे दोष मांडणीचा असतो, कामगाराच्या शिक्षणाचा नव्हे. सोय सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी खिडकीवरच्या प्रश्नांची नोंद पुन्हा करावी. तोच प्रश्न तितक्याच वेळा येत असेल, तर ती सोय काढून नव्याने आखावी.