एपिसोडचा मजकूर : धारेवरचा दिवस, क्रिब गोख ते अ लिवेद

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न होता, "स्क्रॅम्बलिंग म्हणजे नेमकं काय? ट्रेक की क्लाइंबिंग?" दोन्हीच्या मधलं काहीतरी. चालताना हात खिशात ठेवता येत नाहीत, पण दोर लावावा इतकं अवघडही नाही, असा सगळा प्रदेश स्क्रॅम्बलिंगचा. आपण सह्याद्रीत हे लहानपणापासून करतो, फक्त त्याला "थोडा रॉक पॅच आहे" म्हणतो. ब्रिटनमध्ये त्याला १, २, ३ असे दर्जे दिलेत. १ म्हणजे सोपं, ३ म्हणजे जवळजवळ प्रस्तरारोहण, तिथे दोर हवाच.

आज ज्या वाटेबद्दल बोलणार आहे ती दर्जा १ ची. वेल्समधल्या एरारी भागातला, म्हणजे स्नोडोनियातला, घोड्याच्या नालेसारखा वळसा. पेन-अ-पास या खिंडीतून निघायचं, क्रिब गोख (९२३ मीटर), गार्नेद इगाइन (१०६५), अर विद्वा म्हणजे स्नोडन (१०८५), आणि शेवटी अ लिवेद (८९८). चार शिखरं, साधारण ११-१२ किलोमीटर, सात-आठ तास. आकडे ऐकून हसू नका. हो, आपली कळसूबाई १६४६ मीटर आहे. पण इथे प्रश्न उंचीचा नाहीच, रुंदीचा आहे!

क्रिब गोखची धार काही ठिकाणी पाऊलभरच रुंद आहे. असं का झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे आडवे थर एकावर एक. म्हणून आपल्याकडे कातळकडे उभे, पण वर माथा सपाट, माची बांधायला जागा. एरारीत हिमयुगात बर्फाच्या नद्या होत्या. डोंगराच्या एका बाजूने एक हिमनदी पोखरत आली, दुसऱ्या बाजूने दुसरी. दोन्हींनी खरवडून मध्ये जे उरलं ती ही धार. आइस्क्रीमचा डबा दोघांनी दोन बाजूंनी चमच्याने संपवत आणला की मध्ये पातळ भिंत उरते ना, तसंच. बर्फ गेला त्याला अकरा-बारा हजार वर्षं झाली, पण खाली त्या वाट्यांमध्ये आजही तळी आहेत.

आम्ही चौघं होतो. त्यात माझा मावसभाऊ, नुकताच इंग्लंडला शिकायला आलेला, हरिहर दोनदा केलेला. सकाळी सातला निघालो. पहिला चढ, जिथे हाताने खडक धरून वर जायचं असतं, तो त्याने हसत-हसत काढला. माथ्यावर पोचला, पुढची धार बघितली आणि बोलणंच बंद झालं.

आपल्या ट्रेकर लोकांचा याला फार नेमका शब्द आहे : दृष्टिभय. वाट अवघड नसते, पण डोळ्यांना बाजूची पोकळी दिसते. हरिहरच्या पायऱ्या उभ्या आहेत, पण समोर कातळ असतो, खोबण्या असतात, शरीराला काहीतरी चिकटून राहता येतं. इथे समोर काही नाही, दोन्हीकडे उतार, आणि मेंदू तोल सांभाळताना जवळच्या स्थिर वस्तूंचा जो आधार घेतो तोच गायब. म्हणून पाय लटपटतात. हा भित्रेपणा नाही हो, शरीराचं साधं गणित आहे.

तो धारेच्या मधोमध घोड्यावर बसल्यासारखा बसला. आता परत जाणंही तेवढंच लांब. अशा वेळी "खाली बघू नको" म्हणू नका. मला हा सल्ला अजिबात पटत नाही, कारण पाय कुठे ठेवायचा ते बघायला खाली बघावंच लागतं! त्याला म्हटलं, "दरी बघू नकोस, बूट बघ." मग एका वेळी एकच सूचना : डावा पाय त्या पांढऱ्या दगडावर. आता हात. दोन हात, दोन पाय, यातलं एका वेळी एकच हलवायचं, बाकी तीन पक्के. शिवाय इथली एक युक्ती म्हणजे धारेच्या अगदी माथ्यावरून चालायचं नाही. दक्षिणेकडे, म्हणजे आपल्या डाव्या हाताला, जरा खाली पाय ठेवायचे आणि माथा कठड्यासारखा हाताने धरायचा. वीस मिनिटं लागली असतील. तोवर मागे थांबलेल्या दोन वेल्श आजोबांनी शांतपणे चहा उरकला.

आम्हाला हे जमलं कारण वारा नव्हता. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, हे शाळेतलं भौतिकशास्त्र इथे अंगावर येतं. शिवाय झोत अचानक थांबतो, आणि वाऱ्यावर रेललेला माणूस उलट्या बाजूला कलंडतो. पाऊसही प्रचंड, वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास. म्हणून अंदाजात जोराचे झोत दिसले की क्रिब गोख रद्द करायची आणि साध्या पिग वाटेने वर जायचं. या दोन वाटा बुल्ख अ मोख खिंडीत फुटतात, म्हणजे निर्णय तिथेच. पुढे धारेवरून मध्येच खाली उतरायला सोपी पळवाट नाही. शॉर्टकट वाटून उतरणारे कड्यांत अडकतात, आणि त्यांना काढायला लानबेरिसच्या बचाव पथकातले लोक जातात, तेही बिनपगारी, आपलं कामधाम सोडून.

धारेनंतर सुळके, ते होल्ड भरपूर असल्याने उलट मजेचे. मग गार्नेद इगाइन, आणि तिथून खाली उतरताच आगगाडीचे रूळ! १८९६ पासून दातेरी रुळांवरून गाडी थेट अर विद्वाच्या माथ्याजवळ येते. आम्ही खरचटलेल्या हातांनी पोचलो, तर शेजारी चपला घालून आलेलं कुटुंब सेल्फीच्या रांगेत.

बरेच जण इथून सरळ परततात. पुढे जाणार असाल तर सावध व्हा, कारण उतार घसाऱ्याचा आहे, पाय थकलेले आणि "अवघड संपलं" असं मनाने ठरवलेलं. अ लिवेदची डावी बाजू उभा कडा आहे. १९२० च्या दशकात एव्हरेस्टवर गेलेला मॅलरी त्याआधी याच कड्यावर चढाया करायचा. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या लोकांनीही याच भागात सराव केला होता. मावसभाऊ इथे पुढे चालत होता, मीच मागे.

काहींनी विचारलंय, दोर न्यावा का? वापरता येत नसेल तर नको. नुसताच एकमेकांना बांधलेला दोर एकाऐवजी दोघांना खाली नेतो. त्याऐवजी हेल्मेट न्या, चांगली पकड असलेले बूट, हेडटॉर्च आणि भरलेली पॉवरबँक. मदत लागली तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. आणि पेन-अ-पासचं पार्किंग आधी बुक करावं लागतं, नाहीतर शेर्पा नावाची बस आहे, ती वर सोडते.